अ‍ॅमस्टरडॅममध्ये आठ तासांचा थांबा: या चुका टाळा

मुंबईहून अमेरिकेला मुलांकडे जाणारे आई-वडील हल्ली तिकीट काढतानाच विचारतात, "मध्ये आठ-नऊ तास मिळतायत, तर शहर बघून येऊ का?" जरूर बघा. अ‍ॅमस्टरडॅम त्यासाठी फार सोयीचं आहे. स्किपोल विमानतळाच्या खालीच रेल्वे स्टेशन आहे आणि पंधरा-वीस मिनिटांत गाडी तुम्हाला शहराच्या मध्यावर सोडते. आमच्या घरातून आधी मी आणि नवरा, मग आई-बाबा, मग सासूबाई आणि त्यांची बहीण असे तीनदा लोक तिथे उतरले. तिन्ही वेळा जो काही घोळ झाला तो शहरात झालाच नव्हता, निघण्याआधी घरीच होऊन बसला होता.

"अमेरिकेचा व्हिसा आहे ना, मग झालं"

नाही. त्या व्हिसावर विमानतळाच्या आत विमान बदलता येतं, पण शहरात पाऊल टाकायला शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांचा सामाईक व्हिसा, लागतोच. प्रौढांसाठी त्याची फी 90 युरो आहे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी करावा लागतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत मात्र अपॉइंटमेंट मिळणंच मुश्कील होतं, म्हणून दोन-अडीच महिने आधी हालचाल करा. किमान 30,000 युरोचं वैद्यकीय विमा संरक्षणही दाखवावं लागतं.

यात एक मेख आहे. जाताना आणि येताना दोन्ही वेळा शहरात जायचं असेल, तर एका प्रवेशाचा व्हिसा पुरत नाही. पहिल्या वेळी बाहेर पडलात की तो संपला. अर्जातच दोन किंवा अनेक प्रवेश मागा आणि दोन्ही तिकिटं जोडा.

दुसरी मेख तिकिटातच दडलेली असते. मुंबई-म्युनिक-फ्रँकफर्ट-शिकागो असं स्वस्त तिकीट दिसलं, तर म्युनिक ते फ्रँकफर्ट हा शेंगेनच्या आतला प्रवास ठरतो. शहर बघायचं नसलं तरी व्हिसा लागतो. आणि लंडन, डब्लिन ही शहरं शेंगेनमध्ये येत नाहीत, त्यांचे व्हिसा वेगळे.

आठ तासांचे तीन तास कसे होतात

विमान टेकल्यापासून पासपोर्टच्या खिडकीपलीकडे जाईपर्यंत एक ते दीड तास धरा. 12 ऑक्टोबर 2025 पासून युरोपात नवी नोंदणी पद्धत सुरू झाली आहे. पहिल्यांदा जाणाऱ्याचा चेहऱ्याचा फोटो तिथेच घेतात, त्यामुळे रांग हळू सरकते. पुढे गाडी शोधणं, बसणं, उतरणं यात अर्धा तास, आणि परतताना तितकाच. अमेरिकेच्या विमानासाठी तीन तास आधी विमानतळावर हवं, कारण सुरक्षा तपासणी आणि पासपोर्ट तपासणी परत होते, शिवाय विमानाच्या दारापाशी कागदपत्रं पुन्हा बघतात. हिशेब केलात तर हातात अडीच-तीन तास उरतात. तेवढेही पुरेसे आहेत. पण थांबा सहा तासांपेक्षा कमी असेल, तर माझं स्पष्ट मत आहे की बाहेर पडू नये.

घड्याळाकडेही लक्ष द्या. तिथली वेळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते, हिवाळ्यात साडेचार. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ती बदलते.

मोबाइल डेटा: सगळ्यात जास्त वेळ इथे जातो

आई-बाबांसाठी मी हौसेनं ई-सिम, म्हणजे कार्ड न घालता फोनमध्येच उतरवायचं सिम, घेतलं. त्याचा क्यूआर कोड बाबांच्या ईमेलवर आला आणि मी निर्धास्त झाले. स्किपोलला उतरल्यावर, स्टेशनच्या वर जो लाल-पांढऱ्या चौकटींचा मोठा ठोकळा आहे तिथे उभं राहून बाबांनी ईमेल उघडला. कोड त्यांच्याच फोनच्या पडद्यावर होता, मग तो स्कॅन कशानं करायचा? आईच्या फोनला विमानतळाचं वायफाय जोडून मला व्हिडिओ कॉल लागेपर्यंत वीस मिनिटं गेली. क्यूआरच्या खाली एक पत्ता आणि एक लांबलचक कोड दिलेला असतो, तो फोनच्या सेटिंगमध्ये हातानं भरता येतो. बाबा एकेक अक्षर वाचत होते, आई बोट ठेवून टाइप करत होती. शून्य आहे की इंग्रजी ओ, यावर दोनदा अडलं. ई-सिम चालू झालं तेव्हा तीन तासांतले चाळीस मिनिटं संपली होती.

म्हणून ई-सिम मुंबईतच, घरच्या वायफायवर, दुसऱ्या पडद्यावर कोड उघडून फोनमध्ये घाला आणि ती लाइन बंद करून ठेवा. तिथे उतरल्यावर फक्त चालू करायची. मुदत कधीपासून मोजतात ते मात्र विकत घेतानाच वाचा. काही प्लॅन परदेशी नेटवर्क पकडल्यावर सुरू होतात, काही घेतल्या क्षणापासून. आपल्या फोनला ई-सिम चालतं का हे बघायला \*#06# डायल करा. येणाऱ्या आकड्यांत ईआयडी दिसला, तर चालतं.

ई-सिम घातलंय, कांड्या दिसतायत, पण नेट नाही, असं झालं तर या क्रमानं बघा:

- मोबाइल डेटासाठी कोणतं सिम निवडलंय? बहुतेक वेळा तिथे भारतातलंच सिम राहिलेलं असतं.
- ई-सिमच्या लाइनचं डेटा रोमिंग चालू आहे का? "रोमिंग म्हणजे बिल" ही भीती आपल्या मनात इतकी पक्की बसली आहे की लोक ते बंद ठेवतात. प्रवासी ई-सिम रोमिंगवरच चालतं. बंद ठेवायचं ते भारतीय सिमचं.
- फ्लाइट मोड अर्धा मिनिट चालू करून बंद करा, नाहीतर फोन बंद करून सुरू करा.
- नेटवर्कची निवड आपोआपवरून काढा आणि केपीएन, ओडिडो, व्होडाफोन यांपैकी तुमच्या प्लॅनमध्ये असेल ते हातानं निवडा.
- तरीही नाही चाललं, तर ईमेलमध्ये दिलेलं एपीएन (नेटसाठी फोनला लागणारं नेटवर्कचं नाव) सेटिंगमध्ये भरलंय का ते पडताळा.

वैतागून ई-सिम डिलीट मात्र करू नका. बरेच क्यूआर कोड एकदाच चालतात.

भारतीय सिम काढून ठेवणं ही आणखी एक चूक. बँकेचा ओटीपी त्याच्यावरच येणार. आंतरराष्ट्रीय रोमिंग भारतात असतानाच सुरू करून घ्या, नाहीतर तिथे ते सिम नेटवर्कच पकडत नाही. त्याची लाइन चालू आणि डेटा बंद, एवढं करा. डेटा कोणत्याही सिमचा असला तरी व्हॉट्सअ‍ॅप जुन्याच नंबरवर चालू राहतं. नंबर बदलायचा का असं विचारलं, तर "नाही" म्हणा.

थांबा झुरिकला असेल, तर प्लॅनमधली देशांची यादी नीट वाचा. युरोपीय संघात 15 जून 2017 पासून एका देशाचं सिम दुसऱ्या देशात घरच्यासारखं चालतं, पण स्वित्झर्लंड संघात नाही. "युरोप" लिहिलेला प्रत्येक प्लॅन तिथे चालेलच असं नाही.

ज्यांना हे सगळं जमणार नाही, त्यांच्यासाठी भारतीय कंपनीचा एक दिवसाचा रोमिंग पॅक घ्या. थोडा महाग पडतो, पण सासूबाईंना मी तोच दिला आणि त्या बिनघोर फिरल्या. कोणताही मार्ग घेतलात तरी अ‍ॅमस्टरडॅमचा नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा आणि फोटोंचा आपोआप बॅकअप बंद करा.

कार्ड

यूपीआयच्या सवयीत आपण कार्ड विसरतो. रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमानं नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार आणि टॅप करून पैसे देणं सुरुवातीला बंदच असतं. बँकेच्या अ‍ॅपमध्ये दोन्ही चालू करा. नेदरलँड्समध्ये ट्रेन, ट्राम, बस सगळीकडे तिकिटाऐवजी व्हिसा किंवा मास्टरकार्ड कंपनीचं बँकेचं कार्ड टॅप करून जाता येतं. चढताना टॅप आणि उतरताना पुन्हा टॅप, नाहीतर जास्त पैसे कापले जातात. एका कार्डावर एकच माणूस जातो. दोघं असाल तर दोन कार्डं घ्या. आणि दुकानावर "पिन ओन्ली" दिसलं तर तिथे रोख घेत नाहीत.

सगळंच बघायचा अट्टहास

अ‍ॅन फ्रँकच्या घराची तिकिटं फक्त ऑनलाइन मिळतात. दर मंगळवारी पुढच्या सहा आठवड्यांनंतरची खुली होतात आणि भराभर संपतात. व्हॅन गॉग संग्रहालयालाही वेळ ठरवूनच जावं लागतं. ट्यूलिपची कॉकेनहॉफ बाग मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंतच उघडी असते, आणि ती अ‍ॅमस्टरडॅममध्ये नाही, लिस्से गावात आहे. दिवाळीत जाऊन ट्यूलिप शोधणारे आपले लोक मी पाहिलेत. त्यांचा हिरमोड बघवत नाही.

तीन तासांत एकच गोष्ट करा. रेम्ब्रांटचं 1642 चं 'नाइट वॉच' हे चित्र बघायचं असेल, तर स्किपोलहून 397 नंबरची बस थेट म्युझियमप्लाइनला जाते. ते चित्र जिथे आहे ते रिक्सम्युझियम तिथून दोन पावलांवर आहे. संग्रहालय नको असेल, तर सेंट्राल स्टेशनच्या मागच्या बाजूला जा. तिथल्या आय नावाच्या पाण्यावरची फेरी बोट पादचाऱ्यांना फुकट आहे. पाच मिनिटांत पलीकडे, पाच मिनिटांत परत, आणि मग कालव्यांच्या काठानं चालत बेगाइनहॉफच्या शांत अंगणापर्यंत. सासूबाई त्या फेरीतून दोनदा गेल्या. फोटो काढताना लालसर रंगाच्या पट्ट्यावर मात्र उभे राहू नका. तो सायकलींचा रस्ता आहे, आणि सायकली जोरात येतात.

सामान

चेक-इन केलेलं सामान थेट अमेरिकेत जात असेल, तर मधे ते हाताला लागत नाही. रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या, स्वेटर आणि छत्री हातातल्या बॅगेतच हवी. थांबा चोवीस तासांच्या वर गेला, तर सामान बहुधा अ‍ॅमस्टरडॅमलाच काढून घ्यावं लागतं. मुंबईच्या काउंटरवर टॅगवरचा विमानतळाचा कोड स्वतः वाचा. हातातली बॅग जड असेल, तर स्किपोलला लॉकर आहेत. लोणच्याची बरणी मात्र हातात ठेवू नका. परतताना सुरक्षा तपासणीत शंभर मिलिलीटरच्या वरचं काहीही काढून घेऊ शकतात, आणि आईच्या हातचं लोणचं तिथे टाकून येताना फार वाईट वाटतं.