छोट्या रिंगांना आतून एकसारखा निकेल थर

विजेने निकेलचा मुलामा देताना (इलेक्ट्रोप्लेटिंग) द्रावणात नेहमीसारख्या टांगलेल्या रिंगेला बाहेरून जाड थर चढतो, आत जेमतेम. म्हणून ॲनोडच (धन टोक जोडलेला निकेलचा तुकडा) आत न्यावा.

1. रिंगा प्लास्टिकच्या घट्ट नळीत एकावर एक रचा. बाहेरून तांब्याची पट्टी प्रत्येक रिंगेला टेकवून ऋण टोक जोडा. दोन्ही टोकांना एकेक फालतू रिंग ठेवा, कडेचा जाड थर तीच घेते.
2. मधोमध निकेलची सळई. 20 मिमी भोकाला 6 मिमी पुरते.
3. द्रावण पंपाने खालून वर सोडा, नाहीतर हायड्रोजनचे बुडबुडे अडकून खड्डे पडतात.
4. करंट फक्त आतल्या क्षेत्रफळावरून ठरवा: 20 मिमी व्यास, 5 मिमी रुंदीच्या 10 रिंगा म्हणजे 0.31 चौ. डेसिमीटर. 3 अँपिअर प्रति चौ. डेसिमीटरने सुमारे 0.9 अँपिअर. फालतू रिंगाही मोजा.

सळई रिंगेला टेकली की शॉर्ट. जाड थर हवा असेल तर रिंगांमध्ये पातळ प्लास्टिक वॉशर घालाच. सांधे जुळले तर सोडवताना कडेचा थर उपटतो.