स्वतःच्या गाडीने पहिली ड्रॅग रेस: तयारी कशी करावी

रोज कामावर नेता तीच गाडी ड्रॅग स्ट्रिपवर पळवता येते. त्यासाठी इंजिनात काहीही बदल करावा लागत नाही. ड्रॅग रेसमध्ये दोन गाड्या शेजारी-शेजारी सरळ ट्रॅकवर पळतात आणि अंतर ठरलेलं असतं: पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, किंवा त्याच्या निम्मं, २०१ मीटर. माझं एकच आग्रहाचं सांगणं आहे. पहिल्या दिवशी वेळ कमी करायच्या मागे लागू नका, प्रत्येक धाव अगदी सारख्या पद्धतीने काढायला शिका. आणि हे सगळं फक्त ट्रॅकवर. रस्ता कितीही मोकळा दिसला, तरी तिथे कुणीही आडवं येऊ शकतं.

आठवडाभर आधी

ज्या ट्रॅकवर जाणार आहात त्याची नियमावली मिळवून वाचा. हेल्मेटचा नियम ठिकाणानुसार आणि गाडीच्या वेगानुसार बदलतो. अमेरिकेतल्या एनएचआरए या संस्थेच्या नियमांत पाव मैल १३.९९ सेकंदांत किंवा त्याहून लवकर कापणाऱ्या गाडीच्या चालकाला हेल्मेट सक्तीचं आहे. माझं मत विचाराल, तर गाडी कितीही संथ असली तरी हेल्मेट घालाच. एसए मानांकनाचं हेल्मेट मोटार शर्यतीसाठी बनवलेलं असतं आणि त्याचं अस्तर आगीला तोंड देणारं असतं.

गाडीचे ब्रेक, टायर आणि सीटबेल्ट नीट बघून घ्या. चाकांचे नट टॉर्क पान्याने, कंपनीने सांगितलेल्या मापाला आवळा. बॅटरी हलत नाही ना, हे हाताने हलवूनच तपासा. ऑइल किंवा कूलंटची गळती दिसली तर दुरुस्त झाल्याशिवाय जाऊ नका. ट्रॅकवर सांडलेला कूलंट मागून येणाऱ्या गाडीला सरळ भिंतीवर नेऊ शकतो.

ट्रॅकवर पोहोचल्यावर

डिकी रिकामी करा. स्टेपनी, जॅक, पाण्याच्या बाटल्या, चालकाच्या पायाखालची सुटी चटई, सगळं बाहेर. वजन कमी होतं हे खरं, पण पॅडलखाली घरंगळत आलेली बाटली ही जास्त मोठी काळजी आहे. अंगात फुल पँट आणि पायात बंद बूट हवेत. ट्रॅकवरच्या अधिकाऱ्यांकडून गाडीची तपासणी झाली की लगेच रांगेत घुसू नका. पाच-सहा जोड्या सुटताना बघा, अधिकारी हाताने कोणत्या खुणा करतात ते लक्षात घ्या.

एसी आधीच बंद करा, नाहीतर त्याचं पाणी स्टार्ट लाइनवर ठिबकतं. पुढे वॉटर बॉक्स येईल, म्हणजे शर्यतीचे टायर भिजवून फिरवण्यासाठी पाणी टाकलेली जागा. साधे रस्त्याचे टायर असतील तर त्या पाण्याला वळसा घालून जा. टायरच्या खाचांत भरलेलं पाणी स्टार्ट लाइनपर्यंत येतं आणि नेमकी तिथेच पकड जाते. कोरड्या जागेवर चाकं क्षणभर फिरवून धूळ झटकली की पुरे.

स्टार्ट लाइन

खरा वेळ इथेच मिळतो किंवा जातो. समोर ‘ख्रिसमस ट्री’ नावाचा दिव्यांचा खांब असतो. गाडी हळूहळू पुढे घ्या. आधी प्री-स्टेजचा दिवा लागेल, म्हणजे गाडी स्टार्ट लाइनच्या अगदी जवळ आली. तिथे थांबा आणि शेजारच्यालाही प्री-स्टेज होऊ द्या. मग अगदी थोडं, साधारण वीतभर, पुढे सरकलात की स्टेजचा दिवा लागतो, म्हणजे गाडी स्टार्ट लाइनवर आली. तिथेच गाडी रोखून धरा.

नवख्यांच्या शर्यतीत बहुधा तीन पिवळे दिवे अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने लागतात, त्यानंतर हिरवा. अनुभवी चालक शेवटच्या पिवळ्यावरच निघतात. तुम्ही पहिल्या धावांत हिरवा दिसल्यावर निघा. घड्याळ तुमची गाडी हलल्यावर सुरू होतं, त्यामुळे उशिरा निघाल्याने तुमचा ईटी, म्हणजे अंतर कापायला लागलेला वेळ, बिघडत नाही.

मॅन्युअल गाडीत खूप रेस देऊन क्लच सोडला, तर चाकं जागीच फिरतात. पहिल्या धावेला २,००० आरपीएमच्या आसपास ठेवा, पुढे थोडं थोडं वाढवा. पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीत तर आणखी सांभाळा, कारण सुटताना वजन मागे जातं आणि पुढची पकड कमी होते. ऑटोमॅटिक असेल तर ब्रेक सोडा आणि ॲक्सिलरेटर दाबा, एवढंच.

मधली रेषा ओलांडायची नाही. गाडी भरकटतेय असं वाटलं की लगेच पाय उचला, ती धाव गेली तर गेली. शेवटची रेषा पार झाल्यावर ॲक्सिलरेटर सोडून एकसारखा ब्रेक दाबा. इंजिन बंद करू नका, स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही जड होतील. काही तुटलं किंवा गळतंय असा संशय आला, तर कडेला थांबा.

टाइम स्लिप वाचताना

टाइम स्लिप म्हणजे धावेनंतर मिळणारी वेळांची चिठ्ठी. तिच्यावर आधी पहिल्या ६० फुटांना लागलेला वेळ बघा. सुरुवातीच्या या १८ मीटरांत वाचलेला सेकंदाचा दहावा भाग पाव मैलाअखेर साधारण दीड ते दोन पट होऊन परत मिळतो. शेवटचा वेग इंजिनाच्या ताकदीबद्दल सांगतो. तो तेवढाच राहून ईटी सुधारला, तर सुधारणा तुमच्या सुटण्यातली आहे.

दोन धावांमध्ये बॉनेट उघडून इंजिन थंड होऊ द्या. ब्रेक तापलेले असताना हँडब्रेक ओढू नका, सपाट जागी गिअरमध्ये ठेवा. ऑटोमॅटिक असेल तर पार्कमध्ये. एका वेळी एकच गोष्ट बदला, टायरची हवा किंवा सुटतानाचा आरपीएम, आणि बदल स्लिपवरच लिहून ठेवा.

निघण्यापूर्वी टायरची हवा रस्त्याच्या मापाला आणा, चाकांचे नट पुन्हा तपासा आणि स्टेपनी, जॅक आठवणीने डिकीत ठेवा.