लग्न न झालेल्या वडिलांना मुलाचा संयुक्त ताबा हवा असेल, तर या चुका टाळा

इंदूरच्या मराठी घरांत लग्नाविना झालेल्या अपत्याचा विषय अजूनही दार लावूनच बोलला जातो, त्यामुळे अशा वडिलांना पहिला सल्ला वकिलाकडून नव्हे, तर एखाद्या काकांकडून मिळतो: ‘जन्मदाखल्यावर तुझे नाव आहे ना, मग मूल तुझेच.’ पहिली चूक येथेच होते. हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ६ नुसार अशा अपत्याची नैसर्गिक पालक प्रथम आई असते आणि तिच्यानंतर वडील. दाखल्यावरील नाव पितृत्वाचा पुरावा म्हणून मोलाचे आहे, पण त्यावर ताबा मिळत नाही.

नाव नसल्यास गप्प बसणे ही त्याहून महाग पडणारी चूक आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१५ च्या निर्णयानंतर अविवाहित आईला वडिलांना नोटीस न देताही पालकत्वाचा आदेश मिळू शकतो. मात्र पालकत्वाचे असे आदेश कायमचे अंतिम नसतात, हेही त्याच निर्णयात म्हटले आहे, त्यामुळे वडिलांना नंतर न्यायालयात जाता येते. पितृत्वच नाकारले गेले, तर डीएनए चाचणी मागता येते, पण ती केवळ मागितली म्हणून मिळत नाही. आईचे त्या काळात दुसऱ्या कोणाशी लग्न झालेले असेल, तर कायदा मूल तिच्या पतीचे मानून चालतो आणि प्रकरण फारच अवघड होते.

अर्ज चुकीच्या शहरात दाखल करणे ही चूक वरवर किरकोळ वाटते. पालक व पाल्य अधिनियम, १८९० च्या कलम ९ नुसार मूल सामान्यतः जेथे राहते, तेथील न्यायालयाला अधिकार असतो. आई मुलाला घेऊन बडोद्याला माहेरी स्थायिक झाली असेल, तर वडिलांचे घर इंदूरला आहे एवढ्यावर इंदूरच्या कुटुंब न्यायालयात अर्ज टिकत नाही, आणि हे उमगेपर्यंत कित्येक महिने वाया गेलेले असतात.

खरी हार बहुधा अर्जाच्या मजकुरातच लिहिलेली असते. अर्जात पाने भरभरून आईचे दोष असतात, पण मुलाच्या शाळेचे वर्ग, त्याच्या लसी, त्याचे दुखणेखुपणे यांचा उल्लेख नसतो. आपल्या कायद्यात संयुक्त ताब्याची स्वतंत्र तरतूद नाही. विधी आयोगाने २०१५ मध्ये २५७ व्या अहवालात तशी शिफारस केली होती. म्हणून न्यायालय मुलाच्या कल्याणाच्या कसोटीवरच व्यवस्था लावते. पाच वर्षांखालील मूल सर्वसाधारणपणे आईकडेच राहते, तर मोठ्या मुलाचे मत विचारात घेतले जाते. ‘अर्धा वेळ माझ्याकडे’ एवढीच मागणी करण्यापेक्षा शनिवार-रविवार, उन्हाळ्याची सुट्टी, गणपती आणि दिवाळी, व्हिडिओ कॉलच्या वेळा, शाळेच्या पालकसभेला कोण जाणार, घरी आजी असते की मूल शेजाऱ्यांकडे राहणार, असे सारे तपशील लिहून द्यावेत. अंतिम निकालापर्यंत भेटी मिळाव्यात म्हणून अंतरिम अर्जही सोबतच करावा. बाप म्हणून नियमित वागल्याचा पुरावा युक्तिवादापेक्षा वजनदार ठरतो, हे माझे ठाम मत आहे.

म्हणूनच ‘भेट नाही, तर पैसेही नाहीत’ हा पवित्रा आत्मघातकी आहे. विवाहबाह्य अपत्याच्या निर्वाहाची जबाबदारी वडिलांवरही असते, मग भेट होवो वा न होवो. रक्कम रोख न देता बँकेतून पाठवावी. मुलाला शाळेतून परस्पर उचलून आणण्याचा विचारही करू नये. पोलीस तक्रार झाली नाही तरी न्यायाधीशांच्या मनातील विश्वास जातो.

दोघांत समेट झाल्यास नोटरीकडे मुद्रांकावर करार करून समाधान मानले जाते. त्या कागदाने न्यायालय बांधले जात नाही. तोच मजकूर मध्यस्थी केंद्रामार्फत न्यायालयापुढे ठेवून त्याचा आदेश करून घ्यावा. पुढे भेट नाकारली गेली, तर त्या आदेशाच्या अंमलबजावणीसाठी त्याच न्यायालयात अर्ज करता येतो.