एकट्याने कॉन्सर्टला जाताय? या चुका टाळा

आवडत्या गायिकेचा कार्यक्रम जाहीर होतो. आपण तिघींना विचारतो. एकीला सुट्टी नसते, दुसरीला ते संगीत आवडत नाही आणि तिसरी म्हणते, "बघू". त्या "बघू"चं "नाही गं जमत" होईपर्यंत तिकिटं संपलेली असतात. माझ्या हातून असे कितीतरी कार्यक्रम निसटले. शेवटी एकदा मी एकटीच गेले. उशिरा पोहोचले, मागच्या भिंतीला टेकून उभी राहिले, बराच वेळ फोनमध्ये डोकं घातलं आणि शेवटची काही गाणी बाकी असतानाच बाहेर पडले. घरी आले तेव्हा काय ऐकलं ते धड आठवतही नव्हतं.

त्यानंतर पुष्कळ वेळा एकटी गेले आहे. या सगळ्या चुकांचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं, हे आता कळतं. आपण एकटे आहोत हे लपवायची धडपड. जे लक्ष गाण्यासाठी आणलेलं असतं, ते सगळं या लपवाछपवीत खर्च होतं.

चूक : सगळे आपल्याकडेच बघतायत असं धरून चालणं

मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एका गायकाचं चित्र असलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालायला लावून इतरांनी भरलेल्या खोलीत पाठवलं. साधारण निम्म्या लोकांना तो टी-शर्ट लक्षात आला असेल, असा विद्यार्थ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात तो जेमतेम पाव लोकांच्या लक्षात आला होता. आणि ती तर उजेडातली खोली होती. कॉन्सर्टमध्ये दिवे मंचावर असतात आणि लोकांचे डोळेही तिकडेच.

दुसरा एक अभ्यास मला याहून जवळचा वाटतो. रिबेका रॅटनर आणि रिबेका हॅमिल्टन यांनी २०१५ मध्ये दाखवलं की एकट्याने गेलो तर मजा कमी येईल असं लोकांना आधी वाटतं, पण कलादालनात खरोखर एकटे जाऊन आलेल्यांना सोबतीने गेलेल्यांइतकाच आनंद मिळाला होता. म्हणजे चुकतो तो आपला अंदाज. तिकीट काढताना पोटात जो गोळा येतो, त्याच्यावरून संध्याकाळ कशी जाईल हे ठरवू नका.

चूक : कोपऱ्यात किंवा मागच्या भिंतीशी जागा घेणं

एकटं माणूस आपोआप कडेला सरकतं. नेमका तिथेच आवाज सगळ्यात वाईट असतो. बंद सभागृहात खर्जाचा आवाज भिंतींशी आणि कोपऱ्यांत साचतो, त्यामुळे बेस घुमत राहतो आणि शब्द बुडतात. अगदी मंचाला चिकटून उभं राहिलात तरी अडचण येते. मुख्य स्पीकर तुमच्या डोक्यावरून मागे आवाज फेकत असतात. तुम्हाला समोरचे ड्रम आणि गिटारचे अ‍ॅम्प (तिचा आवाज मोठा करणारे मंचावरचे स्पीकर) थेट ऐकू येतात, पण गायकाचा आवाज पातळ लागतो. कलाकाराचा चेहरा जवळून बघायचा असेल तर तिथे जरूर उभे राहा, मात्र ती जागा ऐकण्याची नाही हे माहीत असू द्या.

ऐकायला गेला असाल तर साउंड इंजिनिअर शोधा. प्रेक्षकांमध्ये, बहुतेक मध्याच्या आसपास, मोठा मिक्सर घेऊन बसलेला माणूस. तो आपल्या कानाला जे ऐकू येतं त्यावरूनच सगळ्यांचा आवाज जुळवत असतो. त्याच्या थोडं पुढे उभे राहा किंवा त्याच्या आसपासची खुर्ची मिळवा. आणि इथेच एकटं असण्याचा फायदा कळतो. चार जणांना सलग जागा मिळणं कठीण असतं, पण चांगल्या रांगेतली एक सुटी खुर्ची पुष्कळदा शेवटपर्यंत उरलेली असते. उभ्याच्या तिकिटावर तर एका माणसापुरती फट कुठेही सापडते. समोर कुणी उंच येऊन थांबलं तर चिडण्याऐवजी अर्धं पाऊल बाजूला व्हा. कुणाला विचारायचं नसतं की कुणाला मागे ओढत न्यायचं नसतं.

मोकळ्या मैदानात खूप मागे असाल तर ड्रमवर काठी पडलेली आधी दिसेल आणि ठोका नंतर ऐकू येईल. यात काही बिघडलेलं नाही. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, त्यामुळे शंभर मीटरवर तो जवळजवळ एक तृतीयांश सेकंद उशिरा पोहोचतो. त्रास होत असेल तर पडद्याकडे न बघता ऐका, किंवा पुढे सरका.

चूक : इअरप्लग न नेणं

ही चूक सोबत असो वा नसो, सगळेच करतात. मला ती सर्वात जास्त खुपते, कारण तिचं नुकसान भरून येत नाही. आतल्या कानातल्या केसासारख्या पेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. कामाच्या ठिकाणच्या आवाजासाठी अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेची मर्यादा ८५ डेसिबलला आठ तास अशी आहे, आणि पुढे प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. या हिशेबाने १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं मिळतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये संगीताच्या कार्यक्रमांसाठी जी कमाल पातळी सुचवली, ती १५ मिनिटांच्या सरासरीने १०० डेसिबल आहे. मोठ्या आवाजाचा कार्यक्रम दोन तास चालतो हे लक्षात घ्या.

फोमचे साधे प्लग चालतात, पण ते वरच्या पट्टीतले स्वर जास्त खातात, म्हणून गाणं गोधडीखालून आल्यासारखं वाटतं. वादकांसाठी बनवलेले प्लग सगळ्या पट्ट्या साधारण सारख्याच कमी करतात. गाणं तेच राहतं, फक्त हळू होतं. फोमचा प्लग घालताना तो बोटांनी वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि फुगेपर्यंत धरून ठेवा. नुसता भोकाशी टेकवून ठेवला तर उपयोग नाही. एकटे असल्यामुळे कानाशी ओरडून बोलणारंही कुणी नसतं, तेव्हा प्लग सारखे काढावे लागत नाहीत.

चूक : रिकाम्या वेळात फोनमध्ये लपणं

गाणं चालू असताना एकटेपणा फारसा जाणवत नाही. तो जाणवतो सुरू होण्याआधीच्या अर्ध्या तासात आणि दोन कलाकारांच्या मधल्या वेळात. हात आपसूक खिशाकडे जातो. त्याऐवजी मंचाकडे बघा. कुठला माइक कुणासमोर लागतोय, एकच गिटारवादक किती गिटारी ठेवून घेतोय, तंबोरे कसे लावतायत. हे बघितलं की पुढे काय ऐकायचं ते आधीच कळू लागतं. शेजाऱ्याशी बोलावंसं वाटलं तर "यांना याआधी ऐकलंय का तुम्ही?" एवढा प्रश्न पुरतो. उत्तर एका शब्दात आलं तर तिथेच थांबा.

रेकॉर्डिंगचं म्हणाल तर एका गाण्याचं करा आणि फोन आत ठेवा. लिंडा हेंकेल यांच्या संग्रहालयातल्या प्रयोगात ज्या वस्तूंचे लोकांनी पूर्ण फोटो काढले, त्या त्यांना नुसत्या बघितलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. शिवाय मोठ्या आवाजात फोनचा माइक फाटतो. घरी आल्यावर हाती बहुतेक खरखरच लागते.

टाळी कधी वाजवायची?

अनोळखी प्रकारच्या संगीताला एकटे गेलात की ही धास्ती असते. पाश्चात्त्य वाद्यवृंदात एकाच रचनेच्या भागांच्या मध्ये सहसा टाळ्या नसतात. संचालकाचे हात पूर्ण खाली येईपर्यंत थांबा. चायकोव्हस्कीच्या सहाव्या सिंफनीचा तिसरा भाग इतक्या जोशात संपतो की जाणकारही फसतात, शेवटचा संथ भाग अजून बाकी असतो. रागसंगीतात समेवर किंवा एखाद्या जागेला दाद दिली तर कुणाला खटकत नाही, पण आलाप शांतपणे उलगडत असताना उशिरा आत शिरलेलं माणूस सगळ्यांना खटकतं. डोळे भरून आले तर भरू द्या. सोबत नसताना ते अवघड वाटत नाही.

सुरक्षितता

कुठे जातोय आणि किती वाजेपर्यंत परतू हे एका माणसाला सांगून ठेवा. परतीचं वाहन कार्यक्रमाच्या आधी ठरवा, कारण सुटल्यावर हजारो फोन एकाच वेळी नेटवर्क मागतात. तिकीट घरूनच फोनमध्ये उतरवून घ्या. काही तिकिटांचा बारकोड सतत बदलतो, तिथे स्क्रीनशॉट चालत नाही, म्हणून आधी नियम वाचा. पॉवर बँक न्या. पेय कुणाच्या भरवशावर सोडून जाऊ नका.

गर्दीबाबत एक आकडा ध्यानात ठेवा. चौरस मीटरमागे पाचपेक्षा जास्त माणसं झाली की धोका वाढत जातो. चारही बाजूंनी अंगं चिकटली आणि आपल्या मनाने हात हलवता येईना, की ती निघायची वेळ. हात छातीसमोर धरा म्हणजे श्वासाला जागा राहते. लाटेविरुद्ध ढकलू नका. ती ओसरली की तिरकं, कडेच्या दिशेने सरका. सोबतीची वाट बघायची नसल्यामुळे तुम्ही इतरांपेक्षा लवकर निघू शकता, तेव्हा उशीर करू नका.

मध्येच निघावंसं वाटलं तर

पहिल्या दोन-तीन गाण्यांत हे जवळजवळ सगळ्यांना वाटतं. मला अजूनही वाटतं. तेवढी गाणी जाऊ द्या. मग बाहेर जाऊन पाणी प्या आणि परतताना जागा बदला. पुष्कळदा खटकत असतो तो तिथला आवाज किंवा शेजारचा गोंगाट, आणि आपण त्याला एकटेपणा समजतो. हे करूनही घालमेल थांबली नाही तर सरळ घरी जा. कुणाला कारण सांगायचं नाही.

थांबलात तर दिवे लागल्यावर लगेच धावू नका. गर्दी ओसरेपर्यंत दहा मिनिटं बसा आणि आवडलेल्या दोन-तीन जागा लिहून ठेवा. बोलायला कुणी नसलं की त्या लवकर पुसट होतात. कान वाजत असतील तर परतीच्या वाटेवर हेडफोन नकोत, दुसऱ्या दिवशीही नकोत. दोन दिवसांनंतरही वाजायचे थांबले नाहीत किंवा ऐकू कमी येत असेल, तर कानाच्या डॉक्टरांना दाखवा.