एसयूव्हीचे शॉकअप स्वतः बदलताय? या चुका टाळा

"दोनच तर बोल्ट असतात, अर्ध्या तासाचं काम" असं कुणी म्हणालं की मला धास्ती वाटते. बोल्ट दोनच असतात, खरं आहे. पण मोठी एसयूव्ही दोन टनांच्या पुढे भरते, ते बोल्ट चिखलपाण्यात वर्षानुवर्षं गंजलेले असतात, आणि नवा शॉकअप (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) लवकर वाजायला लागला तर कारण पुष्कळदा बसवण्यातच सापडतं.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे गाडी स्टँडवर, चाकं लटकलेली, आणि तशातच खालचा बोल्ट करकचून आवळणं. शॉकअपच्या डोळ्यात, म्हणजे बोल्ट जातो त्या टोकाच्या कडीत, रबराचा बुश असतो. बोल्ट आवळला की बुशमधली लोखंडी नळी ब्रॅकेटमध्ये घट्ट पकडली जाते, आणि तिथून पुढची सगळी हालचाल रबर पिळूनच होते. चाक लटकलेलं असताना आवळलं तर रबराची सरळ स्थिती तीच ठरते. मग गाडी जमिनीवर आली की बुश कायमचा पिळलेला, अगदी उभ्या गाडीतसुद्धा. त्यावर रस्त्यातले खड्डे.

एक गृहस्थ आपली सात सीटर घेऊन आले होते. मागचे शॉकअप घरीच बदललेले, काम दिसायला स्वच्छ. काही महिन्यांत स्पीडब्रेकरवर मागून करकर सुरू झाली. शॉकअपच खराब निघाले असं समजून त्यांनी दुसऱ्या कंपनीची जोडी आणून तशीच बसवली. पुन्हा तोच आवाज. गाडीखाली शिरून टॉर्च मारला, तर बुशच्या रबराला नळीच्या कडेने अर्धगोल चीर गेलेली आणि तिच्यातून काळा भुगा बाहेर आलेला. शॉकअप ठणठणीत होते. नवे बुश घातले, गाडी चाकांवर उभी करून बोल्ट आवळले, आवाज बंद. एक जोडी उगाच विकत घेतली गेली, याचं मला फार वाईट वाटलं.

माझी पद्धत सोपी आहे. गाडी उचलण्याआधी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने मोजून खडूने मडगार्डवरच लिहून ठेवतो. बोल्ट हाताने बसतील तेवढेच बसवतो. मग चाकं लावून गाडी खाली घेतो, दोनदा हलवून बसू देतो आणि शेवटचा टॉर्क, म्हणजे ठरलेल्या जोराचा आवळ, तेव्हा देतो. एसयूव्ही उंच असते, चाकांवर असतानाही पाना पोचतो. नाहीच पोचला तर खालच्या आर्मखाली किंवा अ‍ॅक्सलखाली जॅक लावून खडूचा आकडा जुळेपर्यंत उचलायचं. टॉर्कचा आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या, अंदाजाने नाही.

दुसरी चूक पाहिली की माझा जीव वरखाली होतो. वरचा नट फिरवताना शॉकअपचा आत-बाहेर होणारा रॉडही सोबत फिरतो, आणि घाईतला माणूस चकचकीत रॉडलाच पक्कड लावतो. त्या रॉडवर सील, म्हणजे तेल आत अडवणारी रबरी कडी, घासत खाली-वर जातं. पकडीच्या दातांचा एक ओरखडासुद्धा ते सील कापत राहतो आणि नवा शॉकअप तेल गाळायला लागतो. रॉडच्या टोकाला सपाट कडा किंवा अ‍ॅलन कीची खाच याच कामासाठी दिलेली असते. टोक तिथे धरा आणि नट रिंग पान्याने फिरवा. वर इम्पॅक्ट गन नकोच. तिने रॉड गरगरतो, आणि वाचलेली दोन मिनिटं सीलच्या आयुष्यातून वजा होतात. वरती रबराचे वॉशर असतील तर रबर थोडं फुगून लोखंडी वॉशरच्या कडेला आलं की पुरे.

मागे अखंड अ‍ॅक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा दांडा) आणि कॉइल स्प्रिंग असेल तर दोन्ही शॉकअप एकदम सोडू नका. बऱ्याच गाड्यांत अ‍ॅक्सल खाली किती जाईल हे शॉकअपच ठरवतो. तो सुटला की अ‍ॅक्सल ब्रेकच्या नळीवर आणि एबीएसच्या वायरवर लटकतो, स्प्रिंगही जागेवरून निघते. अ‍ॅक्सलखाली जॅक ठेवून एका वेळी एकच बाजू.

स्प्रिंगसकटचा शॉकअप, म्हणजे स्ट्रट, असेल तर स्प्रिंग कॉम्प्रेसरने स्प्रिंग दाबल्याशिवाय मधला नट सोडायचा नाही. त्या स्प्रिंगने माणूस जायबंदी होतो. कॉम्प्रेसर नसेल तर हे काम गॅरेजला द्या.

गंजलेल्या बोल्टला आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारा. गॅस भरलेल्या शॉकअपजवळ गॅस टॉर्चची आग नेऊ नका, तो फुटू शकतो. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू नका. शॉकअप नेहमी जोडीने बदला. नायलॉनचे लॉकनट नवेच घ्या. बंप स्टॉप (शेवटचा दणका झेलणारा ठोकळा) आणि रॉडवरचा धुळीचा बूट झिजले असतील तर तेही बदला.

दुहेरी नळीचा शॉकअप बसवण्याआधी उभा धरून तीन-चार वेळा पूर्ण दाबा आणि ओढा. आडवा राहिल्याने आत शिरलेला गॅस निघाला नाही, तर सुरुवातीला तो पोकळ चालतो.

मागून बसलेली गाडी मात्र नेहमीच्या शॉकअपने उचलली जात नाही. वजन स्प्रिंगवर असतं. जुन्या शॉकअपवर तेलाचा पातळसा ओलावा दिसला म्हणून लगेच काढू नका, ओघळ असेल तर तो गेलेला.

स्ट्रट बदलला असेल तर अलाइनमेंट करून घ्या. आणि शंभरेक किलोमीटर गाडी चालली की चाकांचे नट टॉर्क पान्याने पुन्हा तपासा.