बुजऱ्या घोड्यासाठी गाडी कशी निवडावी

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेताना लोक दात बघतात, चाल बघतात, भोवरे बघतात आणि गावी न्यायची गाडी मात्र निघताना जी समोर दिसेल ती ठरवतात. शांत जनावर असलं तर निभावून जातं. पण घोडा बुजरा असेल, गाडी बघितली की पाय रोवत असेल तर गाडी आधी ठरवा आणि पैसे नंतर मोजा. मी उलटं केलं होतं, दोंडाईचा येईस्तोवर घोडी घामानं निथळत होती, ते पण डिसेंबरच्या थंडीत.

सगळ्यात आधी तो नक्की कशाला घाबरतो ते बघा. चढायलाच तयार नसेल तर घोडं दारातच अडलंय (शब्दशः), म्हणजे अंधार, उंची किंवा पायाखालचा आवाज. उजेडातून अंधारात गेल्यावर घोड्याच्या डोळ्यांना सरावायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो, त्यामुळे बंद कंटेनर त्याला गुहेसारखा दिसतो, अशाला वरून उघडी गाडी घ्या. पण गुपचूप चढतो आणि गाडी हलली की लाथा झाडतो, तर मग तळ, जागा आणि ड्रायव्हर या तीन गोष्टी तपासायच्या.

जागेचं म्हणाल तर छोटा हत्ती (टाटा एस) नकोच. त्याचा हौदा सात फुटांच्या आसपास, तुमची 62 इंच उंचीची घोडी त्यात मान वाकडी करूनच उभी राहणार. पिकअपमध्ये मावते, पण तोंड केबिनकडे, म्हणजे डोळ्यात वारा-धूळ आणि प्रत्येक ब्रेकला छाती पुढे आदळणार. भाडं जास्त पडलं तरी 14 फुटी टेम्पो बघा, त्यात तिरकं उभं करता येतं. घोडा तोल सांभाळायला पाय फाकवतो, दोन्ही बाजूंनी बांबू घट्ट आवळले की त्याला फाकवता येत नाहीत आणि तिथूनच धडपड सुरू होते. बांबू हवेतच, पण अंतर ठेवून. जनावरांच्या वाहतुकीचे 1978 चे नियम आहेत, त्यात बांबू किमान 8 सेंटीमीटर जाडीचा, मागं दोन भक्कम आडवे दांडे आणि घोड्याचं तोंड डावीकडे, म्हणजे शेजारून जाणाऱ्या गाड्यांपासून लांब, असं सगळं लिहिलंय. वेग ताशी 35 पेक्षा जास्त नको. ड्रायव्हर हसेल, हसू दे.

आता तळ. नुसता पत्रा असेल तर गोठ्यात टाकतात ते रबर मॅट अंथरा, वर थोडी वाळू किंवा भुसा. मॅट आधीच असेल तर उचलून खालचा पत्रा सडलाय का ते बघा, अंगठ्यानं दाबून नाही, टाच आपटून.

यानंतरचं काम कुणी करत नाही आणि मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: स्वतः हौद्यात उभं राहा आणि ड्रायव्हरला दोन किलोमीटर फिरवून आणायला सांगा, कशाला धरू नका. मी उभा राहिलो तेव्हा कळलं की फाळक्याची साखळी प्रत्येक खड्ड्याला ठणठण वाजते, ताडपत्रीचं एक टोक चाबकासारखं फटफटतंय आणि आमचे ड्रायव्हरदादा वळणाआधी ब्रेक न मारता वळणात शिरल्यावर मारतात. साखळीला गोणपाट गुंडाळलं, ताडपत्री काढून टाकली. ड्रायव्हर बदलला.

चढवायला रॅम्प नसतोच बऱ्याचदा, मग बांध किंवा मातीचा उंचवटा शोधून गाडी त्याला मागून टेकवा, आणि उतरायच्या ठिकाणीही तशी जागा आहे का ते आधीच फोन करून विचारा. नायतर रात्री दोनला गावात उंचवटा शोधत फिराल. शक्य असेल तर गाडी एक दिवस आधी बोलवा आणि चारा हौद्यातच खायला घाला. सोबत एखादा मुरलेला म्हातारा घोडा मिळाला तर बुजऱ्याला फार आधार होतो.

दोर सुरगाठीनं बांधा आणि मान खाली घालता येईल एवढा सैल ठेवा. तासन्‌तास मान वर बांधली की धूळ-कफ बाहेर पडत नाही आणि दोन दिवसांनी खोकला-ताप सुरू होतो, लोक म्हणतात हवा बदलली.

पुणं इथून चारशे किलोमीटरच्या आसपास, ठरलेल्या वेगानं बारा तास धरा, म्हणजे मुक्काम आलाच. मोतद्दार (घोड्याची देखभाल करणारा) सोबत हवा, जनावरांच्या डॉक्टरांचा दाखला खिशात हवा. दर तीन-चार तासांनी थांबून पाणी दाखवा आणि लीद बघा. गोळे नेहमीसारखे असतील तर निघा, पातळ झाली असेल तर गाडी झाडाखाली घ्या, इंजिन बंद करा आणि ड्रायव्हरला जेवायला पाठवा.