दप्तर घेताना चित्राचे पैसे वेगळे मोजा

साताऱ्यात मोती चौकाजवळ आमचं वह्या-दप्तरांचं दुकान आहे. मे संपत आला की दारातल्या हुकांवर दप्तरं टांगते, आणि मग शाळा उघडेस्तोवर रोज एकच तमाशा: आई साधं दप्तर चाचपतेय आणि पोरगं स्पायडरमॅनचा पट्टा सोडत नाहीये. माझा धंदा त्या पट्ट्यावरच चालतो, तरी सांगते.

पहिल्या दिवशी पोराला घरी ठेवून या. दप्तर उलटं करा. तळाची शिवण दुहेरी आहे का बघा. खांद्याचा पट्टा जिथं जोडलाय तिथं फुलीची शिलाई हवी, कारण दप्तर फाटतं ते तिथंच. चेन दहा वेळा मागंपुढं ओढा. रनर एकदा जरी अडकला तरी ठेवून द्या. आपल्याकडचा पाऊस बघता आत अस्तर पाहिजेच. अशी तीन दप्तरं पक्की करा, दुसऱ्या दिवशी पोराला आणा आणि त्या तिनातूनच निवडू द्या.

आता चित्र. परवान्याचा, म्हणजे चित्राच्या मालकाला विचारून बनवलेला माल असेल तर टॅगवर बारीक अक्षरांत मालकाचं नाव असतं. ते पोरालाच वाचायला लावा. मिकी डिस्नेचा हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण स्पायडरमॅनच्या टॅगवरची मार्व्हल डिस्नेनं २००९ मध्ये विकत घेतली, आणि 'कार्स' सिनेमातल्या डोळेवाल्या लाल मोटारीची पिक्सार कंपनी २००६ मध्येच. गेल्या जूनमध्ये तीन भावंडं आली होती. थोरल्याला स्पायडरमॅन, मधलीला डिस्नेच्याच 'फ्रोझन'मधली एल्सा, धाकट्याला ती मोटार. भांडून दुकान डोक्यावर घेतलं. मी तिन्ही टॅग आजींसमोर धरले. त्या म्हणाल्या, "म्हंजे मालक एकच, आन् भांडणं आमच्या घरात!"

टीव्हीचंही तसंच. हंगामा, निक, सोनिक असं चॅनल बदलत बसा. नोव्हेंबर २०२४ मध्ये स्टार आणि व्हायाकॉम१८ एक झाले, तेव्हापासून तिन्ही जिओस्टार या एकाच कंपनीकडं आहेत. पोगो आणि कार्टून नेटवर्क वॉर्नरकडं. "छोटा भीम तरी आपला ना?" असं विचारतात. आहे, हैदराबादच्या ग्रीन गोल्डचा, २००८ पासूनचा. पण डबा, बाटली, दप्तर सगळ्यांवर तोही आहेच. देशी चित्र फुकट मिळत नाही.

माझ्याकडं साधं दप्तर साडेचारशेला, त्याच कापडाचं चित्रवालं साडेसातशेला. वरच्या तीनशेत चित्राच्या मालकाची रॉयल्टी असते. ते तीनशे रुपये मोजून पोराच्या हातावर ठेवा आणि विचारा, हे चित्राला द्यायचे का? नोटा हातात आल्या की बरीच पोरं गप्प होतात. काही तरीही चित्रच घेतात. मग घेऊ द्या, आणि वर्षभर टोमणे मारू नका.

नुकत्याच आलेल्या सिनेमाचं दप्तर मात्र घेऊच नका. दोन वर्षांमागं एका वितरकानं "हे पळणार" म्हणून असल्या चाळीस दप्तरांचा लॉट माझ्या गळ्यात मारला. पुढच्या जूनला पोरं त्यांच्याकडं बघेनात. सव्वीस अजून माळ्यावर आहेत, माल परत घेत नाहीत. आणि जत्रेतलं दोनशेचं नकली? पहिल्याच पावसात त्याचा रंग वहीवर उतरतो.

साधं घेतलंत आणि पोरगं हिरमुसलं, तर दप्तर कॅनव्हासचं असल्यास कापडावरचे रंग आणा. पेन्सिलीनं आधी काढून घ्या, पातळ थर द्या, रात्रभर वाळू द्या, मग वर सुती फडकं टाकून इस्त्री फिरवा. चौथीतल्या एका मुलीनं गेल्या वर्षी झाकणावर टॉवरसकट अजिंक्यतारा काढला. किल्ला जरा समोशासारखा झाला होता. दिवाळीच्या सुट्टीत ती टॉवरवरच्या दिव्यासाठी लाल रंगाची बाटली घ्यायला परत आली.